'क्लिअर झालं' म्हणजे नक्की काय झालं?



धंद्यात रोज कानावर पडणारी ही वाक्यं बघा.

"साहेब, तुमचं पेमेंट क्लिअर केलंय."
"चेक अजून क्लिअर व्हायचाय."
"दिवाळीआधी जुना स्टॉक क्लिअर करून टाका."
"कंटेनर कस्टममधून क्लिअर झाला."
"टेम्पोचं लोन क्लिअर झालं एकदाचं!"
"काय करायचं ते क्लिअर आहे ना?"

सहा वाक्यं, शब्द एकच, आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. गंमत म्हणजे मराठीत या प्रत्येकासाठी वेगळा शब्द आहे. उधारी चुकती होते. चेक वटतो. माल खपतो. अडकलेला माल सुटतो. कर्ज फिटतं. आणि सांगितलेलं समजतं. या सगळ्यांवर आपण एकच 'क्लिअर' लावून टाकतो. बोलायला सोपं जातं, पण समोरच्याच्या मनात एक अर्थ असतो, आपण दुसराच घेतो, आणि मधल्यामध्ये आपला पैसा अडकतो.

या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'क्लारुस'मध्ये आहे. त्याचा अर्थ उजळ, स्वच्छ. त्यातूनच पुढे वाट मोकळी करणं, अडथळा दूर करणं हे अर्थ आले. म्हणून कोणीही 'क्लिअर झालं' म्हटलं की मनात एकच प्रश्न यायला हवा: नक्की कोणता अडथळा दूर झाला, आणि कोणता अजून बाकी आहे?

चला, एकेक बघू.

१. "पेमेंट क्लिअर केलंय"

हे वाक्य सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवं! मोठ्या कंपनीतला अकाउंट्सवाला हे म्हणतो, तेव्हा त्याचे चार अर्थ निघू शकतात. बिल पास करून पुढे पाठवलं. बँकेला पैसे पाठवायला सांगितलं. पैसे तुमच्या खात्यात जमा झाले. किंवा त्या बिलाचा हिशेब पूर्ण मिटला.

समजा तुमचं बिल १,००,००० रुपयांचं होतं आणि खात्यात आले ९६,०००. त्यांच्या दृष्टीने बिल क्लिअर. तुमचे ४,००० कुठे गेले? टीडीएस कापला असेल, तर तो तुमच्या पॅनवर दिसायला हवा, म्हणजे रिटर्न भरताना वापरता येईल. माल नाकारला म्हणून डेबिट नोट टाकली असेल, तर ती तुमच्याकडे यायला हवी. यातलं काहीच नसेल, तर ती सरळ सरळ बाकी आहे. त्याच आठवड्यात विचारा. वर्षअखेरीला विचारलंत, तर तोवर कोणालाच काही आठवत नसतं.

दुकानात याचंच छोटं रूप म्हणजे यूपीआयचा स्क्रीनशॉट. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणतं, "झालं बघा पेमेंट." त्याचा स्क्रीन हा पुरावा नाही. तुमच्या खात्यात किंवा तुमच्या साउंडबॉक्सवर रक्कम आली, की मगच झालं.

आणि "क्लिअर करतो हो, थोडं थांबा" हे किती दिवस ऐकायचं? तुम्ही उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असाल, म्हणजे उत्पादन करत असाल किंवा सेवा देत असाल, तर २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण उशिरा पैसे मिळाल्याबद्दलचं हे संरक्षण मिळत नाही.

२. "चेक क्लिअर व्हायचाय"

चेक हातात आला म्हणजे पैसे आले नाहीत. बँकेत भरला म्हणजेही आले नाहीत. चेक वटला, की आले.

४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने चेकची पद्धत बदलली. पूर्वी चेक गठ्ठ्याने ठराविक वेळी पुढे जायचे. आता कामकाजाच्या ठरलेल्या वेळेत ते सतत पुढे पाठवले जातात. त्यामुळे वाट पाहण्याचा काळ बराच कमी झाला. पण वेग वाढला म्हणून चेक देणाऱ्याच्या खात्यात पैसे आपोआप येत नाहीत! नव्या गिऱ्हाइकाचा चेक असेल, तर वटेपर्यंत माल गोडाऊनमध्येच राहू द्या. बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघतानासुद्धा 'वापरता येणारी शिल्लक' बघा. एकूण आकड्यात न वटलेला चेकही धरलेला असू शकतो.

आणि चेक परत आलाच तर? तारखा पाठ करून ठेवा. चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिने चालतो. अपुऱ्या शिलकीमुळे तो परत आल्याचं बँकेने कळवलं, की ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे नाही आले, तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली कोर्टात तक्रार करता येते. "देतो हो, पुढच्या आठवड्यात क्लिअर करतो" यावर विसंबून हे ३० दिवस गेले, की हातातलं मोठं हत्यार गेलं. गोड बोलणं चालू द्या, पण नोटीस वेळेत जाऊ द्या.

३. "स्टॉक क्लिअर करा"

याचेही दोन अर्थ आहेत: विकून मोकळे व्हा, किंवा टाकून मोकळे व्हा. हिशेबात दोन्हींमध्ये फरक आहे.

कमी भावात का होईना, माल विकलात, तर विक्रीच्या किमतीवर जीएसटी लागतो आणि खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट तुमच्याकडे राहतं. माल मुदत संपून खराब झाला आणि तुम्ही तो वहीतून काढून टाकलात किंवा नष्ट केलात, तर त्यावरचं क्रेडिट परत करावं लागतं. फुकट वाटलात तरी तेच. म्हणजे पडून राहिलेला माल दोनदा मारतो: एकदा खरेदीच्या पैशात, एकदा करात. खाद्यपदार्थ, कॉस्मेटिक्स, औषधं यांचा धंदा असेल तर मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच सेल लावा.

४. "कस्टम क्लिअर झालं"

मशीनचा सुटा भाग किंवा कच्चा माल बाहेरून मागवणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं. न्हावा शेवाला तुमचा कंटेनर कस्टममधून क्लिअर झाला, याचा अर्थ कागदपत्रं आणि ड्युटी यांचा अडथळा दूर झाला. पण शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर आणि बंदराचे पैसे बाकी असतील, तर कंटेनर तिथेच उभा राहणार आणि भाडं चढत राहणार. म्हणून क्लिअरिंग एजंटला "क्लिअर झाला का?" असं विचारू नका. "गाडी गेटबाहेर कधी पडणार, आणि त्याआधी काय काय भरायचंय?" असं विचारा.

५. "लोन क्लिअर झालं"

शेवटचा हप्ता गेला, बँकेचा मेसेज आला, पेढे वाटले. छान! पण टेम्पोच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज फिटलं, बोजा उतरला नाही. उद्या टेम्पो विकायला गेलात की तिथे गाडी अडते. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घ्या आणि आरटीओत बोजा कमी करून घ्या. जागा तारण असेल तर मूळ कागद परत घ्या. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने तारण देऊन कर्ज घेतलं असेल, तर कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे फॉर्म सीएचजी-४ भरायचा असतो. तुमच्या सीएंना आठवण करा.

६. "क्लिअर आहे ना?"

यावर कामगार, सप्लायर, गिऱ्हाईक सगळे एकच उत्तर देतात: "हो." समजलं असेल तरी हो, नसेल तरी हो. समोर मालक उभा असताना 'नाही' कोण म्हणणार? त्याऐवजी म्हणा, "कसं करणार आहेस, एकदा मला सांग बरं." तो सांगायला लागला, की दोन मिनिटांत कळतं काय समजलं आणि काय राहिलं. शंभर डबे चुकीच्या लेबलने पॅक होण्यापेक्षा ही दोन मिनिटं स्वस्त पडतात.

आज करायचं काम

उधारीची वही उघडा. प्रत्येक बिलासमोर चार रकाने करा: बिल पास झालं, पैसे पाठवले, खात्यात जमा झाले, हिशेब मिटला. प्रत्येक रकान्यात तारीख लिहा. 'क्लिअर' हा शब्द वहीत लिहायचाच नाही! ज्या बिलाचा शेवटचा रकाना रिकामा आहे, तिथे आजच एक फोन करा आणि साध्या मराठीत विचारा, "पैसे जमा कधी होतील, आणि किती?"

तारीख आणि रक्कम, दोन्ही मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका.