रायपूरच्या एनआयटीत पहिले पाऊल : रँक मिळाल्यानंतरचे प्रश्न

रायपूर : गोंदियाहून निघालेला विद्यार्थी पश्चिमेला गेला तर नागपूर गाठतो आणि पूर्वेला गेला तर रायपूर. दोन्ही शहरे हावडा-मुंबई या एकाच लोहमार्गावर आहेत आणि दोन्हींत राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, अर्थात एनआयटी, आहे. प्रवेशाच्या नियमांत मात्र या दोन दिशांमध्ये मोठे अंतर पडते. एनआयटीतील निम्म्या जागा त्या राज्यातून बारावी उत्तीर्ण झालेल्यांसाठी राखीव असतात. उरलेल्या निम्म्या जागांसाठी इतर राज्यांतील विद्यार्थी स्पर्धा करतात. गोंदियात बारावी केलेल्या मुलाला नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेत ‘गृहराज्या’चा लाभ मिळतो, रायपूरला तो ‘परराज्यातील’ ठरतो. उलट, पिढ्यान्‌पिढ्या रायपूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलगी तेथेच बारावी झाली असेल, तर छत्तीसगडच्या वाट्यात मोजली जाते. येथे मातृभाषा, जन्मस्थळ किंवा मूळ गाव पाहिले जात नाही, बारावी कोणत्या राज्यातून केली एवढेच पाहिले जाते.

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातून रायपूरला येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांची सुरुवात बहुधा येथूनच होते. जागा मिळाली ती कोणत्या यादीतून, आपल्यासोबतच्यांना किती रँकवर मिळाली, आपण येथे नेमके कुठे बसतो? वसतिगृह, खाणावळ, शुल्क आणि रॅगिंग यांविषयीचे प्रश्न मोठ्याने विचारले जातात. हा प्रश्न मनातल्या मनात राहतो.

रायपूर नोव्हेंबर २००० मध्ये नव्या राज्याची राजधानी झाले आणि पुढील दीड दशकात येथे निवडक प्रवेशाच्या संस्थांची रांगच लागली. हिदायतुल्ला राष्ट्रीय विधी विद्यापीठ २००३ मध्ये, भारतीय व्यवस्थापन संस्था २०१० मध्ये, एम्स २०१२ मध्ये आणि नव्या रायपूरमधील ट्रिपल आयटी २०१५ मध्ये सुरू झाली. एनआयटी मात्र या सर्वांहून जुनी. भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी होत असतानाच, १९५६ मध्ये, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथे शासकीय खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालयाची पायाभरणी झाली. डिसेंबर २००५ मध्ये त्या महाविद्यालयाला एनआयटीचा दर्जा मिळाला.

कागदपत्रांची पहिली ठेच

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची पहिली अडचण अभ्यासाची नसते, दाखल्यांची असते. राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेची सवय झालेल्या कुटुंबांना केंद्रीय प्रक्रियेचे प्रवर्ग वेगळे आहेत, हे उशिरा कळते. विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग असे स्वतंत्र रकाने केंद्रीय प्रवेशात नाहीत. राज्याने २०२४ मध्ये मराठा समाजासाठी केलेले सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गाचे आरक्षणही केंद्रीय संस्थांना लागू होत नाही. इतर मागासवर्गीयांसाठी जात केंद्रीय सूचीत असणे आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात असणे, या दोन्ही अटी आहेत. शिवाय नॉन-क्रिमीलेअर व आर्थिक दुर्बल घटकांचा दाखला प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर दिलेला असावा लागतो. गेल्या वर्षीचा दाखला घेऊन येणाऱ्याची जागा तांत्रिक कारणावरून धोक्यात येऊ शकते. तहसील कार्यालयात एप्रिलमध्येच अर्ज टाकणे हा यावरचा साधा उपाय आहे. परीक्षेच्या धामधुमीत नेमका तोच राहून जातो.

पालकांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो आणि त्याचे उत्तर बरेचसे दिलासादायक आहे. एनआयटीत बी.टेक.चे शिकवणी शुल्क वर्षाला १ लाख २५ हजार रुपये आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ असते. इतरांपैकी ज्यांचे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्यांनाही पूर्ण माफी मिळते. एक ते पाच लाखांच्या दरम्यान उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश शुल्क माफ होते, म्हणजे भरायचे राहतात सुमारे ४१ हजार ७०० रुपये. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च या सवलतीत येत नाही. अनेक घरांचा हिशेब तेथेच चुकतो. कर्ज घ्यावे लागले तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. तिच्यात निवडक संस्थांमधील प्रवेशासाठी तारण किंवा जामीनदार लागत नाही आणि वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते.

खरा घोळ रकमेपेक्षा वेळेचा होतो. जागा वाटप झाल्यावर स्वीकृती शुल्क भरण्यासाठी हाती मोजकेच दिवस असतात. उत्तर प्रदेशातील एका मजुराच्या मुलाला २०२४ मध्ये धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७ हजार ५०० रुपये मुदतीत जमा न झाल्याने ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. म्हणून स्वीकृतीची रक्कम निकालाआधीच बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे.

रॅगिंग : भीती आणि कायदा

‘वरच्या वर्गातील मुले काय करतील?’ ही भीती पिढीजात आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे मृत्यू झाला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी कठोर विनियम लागू केले. महाराष्ट्रात १९९९ पासून आणि छत्तीसगडमध्ये २००१ पासून स्वतंत्र कायदा आहे. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पुष्कळजण ते न वाचताच भरतात. वाचले तर कळेल की ‘फक्त गंमत’, ‘ओळख करून घेणे’ किंवा रात्री खोलीवर बोलावून प्रश्न विचारणे यांपैकी कशालाही तेथे पळवाट ठेवलेली नाही. प्रदेश, भाषा, जात वा वर्ण यांवरून केलेली हेटाळणीही २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत आली. ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढून नवागतांना छळणे हेही रॅगिंगच, असे आयोगाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइन क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

गावाकडून आलेल्या मुलाला मराठी उच्चारांवरून हसणे हा किरकोळ प्रकार मानला जातो. नियमांनुसार तो किरकोळ नाही.

शहर परके, पण फार नाही

जी. ई. रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवर एनआयटी आहे. त्याच रस्त्याने पुढे टाटीबंधला एम्स लागते. नागपूरकराला येथला उन्हाळा नवा वाटत नाही. पुणे-कोल्हापूरकडच्यांना मात्र भाताचे प्राबल्य जाणवते; हा प्रदेश ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखला जातो, ते उगीच नव्हे. मराठीशी या शहराचे नाते भोसल्यांच्या राजवटीपासूनचे. ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० मध्ये सुरू करणारे आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे मराठी भाषकच होते. रायपूरमधील एका शाळेला त्यांचे नाव आहे. चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून कार्यरत आहे. वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच विदर्भातल्या मुलांना एक ओळखीची गोष्ट भेटते : आपला पोळा आणि इथला ‘पोरा’ एकाच दिवशी येतो. पंचांगातील महिना तेवढा वेगळा, कारण आपली श्रावण अमावास्या उत्तरेकडील पद्धतीने भाद्रपदात मोजली जाते.

भाषेची खरी अडचण शहरात नाही, वर्गात आहे. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह तेरा भाषांत देता येते. ती मराठीतून देऊन आलेल्या विद्यार्थ्यालाही पहिल्या तासापासून इंग्रजी व्याख्यान, इंग्रजी पुस्तक आणि इंग्रजी उत्तरपत्रिका यांना सामोरे जावे लागते. प्रवेशाच्या दारावर मराठीला मान आणि आत पूल नाही, ही व्यवस्थेतील उणीव आहे. तिचे ओझे विद्यार्थ्याच्या बुद्धीवर टाकले जाऊ नये. भाषेमुळे अडणाऱ्यांना पहिल्या सत्रात उत्तर येत असते, ते लिहिण्यास वेळ पुरत नाही. हा फरक त्यांनी स्वतः ओळखणे आणि प्राध्यापकांच्या कानावर घालणे महत्त्वाचे ठरते.

शाखा आणि रँक

ज्या दोन विषयांसाठी हे महाविद्यालय स्थापन झाले, ते खाणकाम आणि धातुशास्त्र, आज विद्यार्थ्यांच्या पसंतिक्रमात संगणकशास्त्राच्या फार खाली आहेत. कोरब्याचा कोळसा आणि दल्ली-राजहराचे लोहखनिज असलेल्या राज्यात खाणकामाला प्रवेश मिळालेल्या मुलाला अभिनंदनाऐवजी सहानुभूती मिळावी, हे विचित्रच. ‘पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येईल ना?’ हा प्रश्न म्हणूनच जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. बहुतेक एनआयटींत तशी सोय असते. पण जागा थोड्या आणि निकष पहिल्या वर्षाच्या गुणांचे. मिळालेली शाखा चार वर्षे शिकण्याची तयारी नसेल, तर केवळ बदलाच्या आशेवर ती घेणे धोक्याचे आहे. वाटपाच्या फेऱ्यांतच ‘स्लाइड’ हा पर्याय असतो. त्याने त्याच संस्थेतील वरच्या पसंतीच्या शाखेसाठी थांबता येते. तो वापरण्याची वेळ प्रवेशापूर्वीची असते.

शाखेच्या प्रश्नामागे रँक उभी असते. जेईई मेनला २०२४ मध्ये १४ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. देशातील ३१ एनआयटींत मिळून सुमारे २४ हजार जागा होत्या. ९९ पर्सेंटाइल म्हणजे गावात पेढे वाटण्याजोगे यश. परंतु १४ लाखांतील ९९ पर्सेंटाइलच्या पुढेही १४ हजार जण असतात. असे सारे पहिले आलेले एका वर्गात बसवले की त्यांतील निम्मे खालच्या निम्म्यात जाणारच. त्यासाठी कोणी आळशी किंवा अपात्र असावे लागत नाही, ही साधी अंकगणिताची अपरिहार्यता आहे. दहावीपासून कधीही तिसरा क्रमांक न पाहिलेल्या मुलाला शंभरांच्या वर्गात त्रेसष्टावा क्रमांक येतो, तेव्हा हे अंकगणित त्याला कोणी आधी सांगितलेले नसते. अनेक संस्थांत श्रेणी इतरांच्या गुणांशी तुलना करून दिली जाते. मग शंभरपैकी ४५ गुणांना चांगली श्रेणी आणि ७० गुणांना बेताची, असेही घडू शकते.

आणखी एक धक्का लातूर, नांदेड किंवा कोटा येथे तयारी केलेल्यांना बसतो. दोन वर्षे पर्याय निवडण्याचा आणि संख्या भरण्याचा सराव झालेला असतो. महाविद्यालयात नाव आणि प्रत्यक्ष शिकवणी क्लासमध्ये, अशी व्यवस्था असलेल्या अनेकांनी प्रयोगशाळेतील उपकरणे फारशी हाताळलेलीच नसतात. येथे पानभर सिद्धता लिहावी लागते, अभियांत्रिकी रेखाचित्र काढावे लागते, कार्यशाळेत कानस चालवावी लागते आणि हजेरीही भरावी लागते. पहिल्या मध्यसत्र परीक्षेतील घसरगुंडीचे कारण बहुतेक वेळा इतके साधे असते. विद्यार्थी मात्र त्याचा अर्थ ‘मी या जागेला लायक नव्हतोच’ असा लावतो.

राखीव जागेवरून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा अर्थ इतरही लावतात. ‘तुझी रँक किती?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी, पण पुष्कळदा तो जात विचारण्याचा मार्ग असतो. मुंबईच्या आयआयटीने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सहाध्यायाची जेईई रँक किंवा जात सूचित करणारी माहिती विचारणे अनुचित ठरवले. प्रवेश झाल्यावर रँकचे काम संपलेले असते. ती सांगण्यास नकार दिल्याने कोणाचा उपमर्द होत नाही.

मदत मागण्याची सोय

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील आत्महत्यांच्या अभ्यासासाठी माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच वर्षी २५ जुलैच्या निकालात न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी पंधरा निर्देश दिले. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, गुणांवरून जाहीर अपमान होऊ नये, मदतीचे क्रमांक वसतिगृहात ठळक लावावेत, असे त्यात बजावले आहे. या विषयावर कायदा होईपर्यंत हे निर्देश बंधनकारक आहेत. म्हणजे ‘आमच्याकडे समुपदेशक आहे का?’ हा प्रश्न आता संस्थेची मेहेरबानी मागणारा राहिलेला नाही. पालकांनी तो प्रवेशाच्या दिवशीच विचारावा. केंद्राच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

पहिल्या सत्राचा निकाल लागण्यापूर्वी बहुतेक मराठी मुले एकदा घरी येऊन जातात, दिवाळीला. तोपर्यंत मध्यसत्राच्या उत्तरपत्रिका हातात आलेल्या असतात आणि फराळाच्या ताटावर शेजारचे काका गुण विचारतात. विद्यार्थ्याला उत्तर द्यायचे नसेल तर ते द्यावे लागू नये, एवढी तजवीज घरच्यांना त्याच्या येण्याआधी करून ठेवता येते.