मित्राचा पूर्वपक्ष

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वसतिगृहातले दिवे गेले होते आणि खोलीत मी व माझा सोबती असे दोघेच होतो. अंधारातल्या गप्पा भुतांवर तरी जातात, नाही तर देवावर. आमच्या देवावर गेल्या. त्याने विचारले, "तुमचा देव सर्वशक्तिमान आणि वर प्रेमळही. मग जगात इतकं दुःख कसं?"

मी ख्रिस्ती, त्यात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी. उत्तर जिभेवर तयारच होते. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले, त्याचा माणसाने दुरुपयोग केला, त्यातून पाप आणि दुःख आले, वगैरे वगैरे. चांगली दहा मिनिटे बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि मग एवढेच म्हणाला, "अरे, भूकंपाला कुठं इच्छास्वातंत्र्य असतं?"

त्याचे गाव किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट आपणा सर्वांना ऐकून माहीत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून थकलेली माणसे झोपली होती आणि चारच्या सुमारास दगडमातीच्या भिंती त्यांच्या अंगावर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. माझा मित्र तेव्हा जन्मलाही नव्हता. परंतु त्याचे दोन काका त्या दहा हजारांत आहेत आणि त्याची आजी अजूनही छपराखाली झोपत नाही. हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी त्याला पाठ केलेले उत्तर म्हणून दाखवले होते. पुढे आठवडाभर आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले.

त्या आठवड्यात मी पुष्कळ विचार केला. आमच्या मंडळीच्या तरुण संघात आम्हांला 'आपल्या विश्वासाचे समर्थन' शिकवले जाते. हेतू चांगलाच असतो. पण पद्धत गाइडसारखी असते: प्रश्न अमुक, उत्तर तमुक. समोरच्या माणसाचा प्रश्न छापील प्रश्नाहून जरा वेगळा निघाला की आमची पंचाईत! मग आवाज चढतो किंवा विषय बदलतो.

वास्तविक ज्या वचनावर हे सारे शिक्षण उभे आहे, त्याचा रोख निराळाच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ती लोकांना सांगितले आहे, की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला सिद्ध असा. पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. तिथे उत्तरासाठी मूळ ग्रीक शब्द आहे 'अपोलोगिया', म्हणजे न्यायासनापुढे आरोपीने केलेले निवेदन. सॉक्रेटिसाने अथेन्सच्या न्यायसभेत केलेल्या भाषणाला हाच शब्द लावतात. म्हणजे बोलणारा आरोपीच्या जागी उभा आहे, फिर्यादीच्या नव्हे! आमची पत्रके वाचून मात्र पिंजऱ्यात समोरचा उभा आहे असेच वाटते.

हे मी आमच्या सरांना बोलून दाखवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "ग्रीसपर्यंत कशाला जातोस? न्यायसूत्रं उघड." गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून प्रमाणे आणि तर्क यांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी, शब्दच्छल करूनही केलेली ती जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडीत बसणे म्हणजे वितंडा. (आमच्या वसतिगृहात रात्री दहानंतर चालते ती बहुधा तिसऱ्या प्रकारची.) शिवाय आपल्या शास्त्रकारांचा दंडक असा, की आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यालाही मान्य होईल अशा पूर्ण जोराने सांगायचे, मगच उत्तरपक्ष.

या शिस्तीत वाढलेला एक मोठा ख्रिस्ती विद्वान मराठी माणूसच होता, हे मला सरांमुळे कळले. नीलकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ चा, बुंदेलखंडातला; घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे, वाढले काशीत. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताची श्रेष्ठता सांगितली होती. तिला गोऱ्यांनी विशीत असताना 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. जन्मतःच दिसणारी विषमता कर्मसिद्धांताने उलगडते, ती ख्रिस्ती मताला कशी उलगडणार? थोडक्या आयुष्यातल्या पापाला अनंतकाळची शिक्षा देणारा देव न्यायी कसा? असे त्यांचे प्रश्न होते. मिशनऱ्यांना निरुत्तर करण्यासाठी ते त्यांच्याकडे जाऊ लागले, आणि वाद करता करता स्वतःच बदलत गेले. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले. पुढे १८६० मध्ये त्यांनी सहा दर्शनांची ख्रिस्ती दृष्टीने परीक्षा करणारा 'षड्दर्शनदर्पण' हिंदीत लिहिला. त्यांच्या निष्कर्षांशी वाचकांनी सहमत व्हावे असे माझे म्हणणे नाही. मीही सर्वत्र नाही. पण ज्या दर्शनांचे खंडन करायचे ती त्यांनी परंपरेने शिकलेली होती.

मला त्यांच्या चरित्रात अधिक भावले ते वेगळेच. १८९५ साली मुंबईत ते वारले, तोवर धर्माविषयीच्या शंका त्यांना छळतच राहिल्या. विद्वान ख्रिस्ती म्हणून ज्याचा गौरव झाला, त्या माणसाने आपल्या शंका मित्रांपासून लपवल्या नाहीत. आणि पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माचा विचार करताना ज्यांच्या लिखाणाचे ऋण मानले, त्यांत हेच गोरे होते. शंका उघड बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, ही आमची समजूत निदान इथे तरी खोटी ठरते.

मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जे जाहीर वादविवाद झाले, त्यांविषयी पुष्कळांनी वाचले असेल. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्यांचे वृत्त इंग्रजीत छापले, आणि बुवांच्या बाजूचे पुस्तक १८७२ मध्ये मराठीत निघाले. एकाच वादाची अशी दोन पुस्तके होतात, यातच काय ते आले. गंमत म्हणजे बोवेन स्वतः तरुणपणी नास्तिक होता. किनाऱ्यावरच्या गर्दीत त्याचा तो अनुभव कितीसा उपयोगी पडला असेल, कोण जाणे. गर्दी जमली की वादाचा जल्प व्हायला वेळ लागत नाही.

आता आमच्या शिदोरीतल्या पुराव्यांविषयी. येशू नावाचा माणूस होऊन गेला, याला ख्रिस्ती नसलेल्या लेखकांचे आधार आहेत. रोमन इतिहासकार टॅसिटस दुसऱ्या शतकाच्या आरंभी पिलाताच्या अमदानीत ख्रिस्ताला झालेल्या देहदंडाचा उल्लेख करतो. यहुदी इतिहासकार जोसेफस त्याच्याही आधीचा. परंतु जोसेफसचा जो प्रसिद्ध उतारा आमची मंडळी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवतात, त्यात पुढे ख्रिस्ती हातांनी भर घातली आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. हे आपण होऊन सांगावे. चिकित्सक मित्राने ते उद्या वाचनालयात शोधून काढले, तर त्या उताऱ्याबरोबर आपले बाकीचे बोलणेही बुडते. शिवाय हे आधार फार तर येशूच्या जीवन-मरणापर्यंत नेतात. पुनरुत्थान टॅसिटसच्या साक्षीने सिद्ध होत नाही. तेथे पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रासारख्या आतल्याच साक्षी आहेत. त्या घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतल्या आहेत, हे त्यांचे वजन. आतल्या आहेत, ही त्यांची मर्यादा.

आणखी एक आक्षेप मला प्रत्येक वर्षी कोणी ना कोणी ऐकवतो: "तुम्ही धान्यासाठी बाटलात." पूर्वी मी चिडत असे आणि रेव्हरंड टिळकांचे नाव पुढे करीत असे. टिळकांनी १८९५ साली धर्मांतर केले ते पोटासाठी नव्हे, आणि लक्ष्मीबाईंनी तर नवऱ्यामागून लगेच न जाता पाच वर्षे स्वतःशी झगडून १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. हे खरेच आहे. पण माझा खापरपणजा काही टिळक नव्हता. आमच्या घरातली हकीकत अशी, की छप्पन्नच्या दुष्काळात मिशनच्या खडी फोडण्याच्या कामावर तो गेला आणि तिथून देवळात गेला. पोटासाठी गेला का? गेला असेल. ज्या गावात पाणवठ्यावर त्याची सावली चालत नव्हती, त्या गावातून तो गेला, हेही त्या आक्षेपात बसवावे लागेल. आता मी एवढेच सांगतो आणि थांबतो. चिडण्यापेक्षा याने बोलणे पुढे जाते, असा माझा अनुभव आहे.

आता भूकंपाकडे येतो. मित्राशी पुन्हा बोलू लागलो तेव्हा मी त्याला विनंती केली, की तुझे म्हणणे तूच मला नीट लिहून दे. त्याने दिलेला पूर्वपक्ष असा: 'दुःख आणि देव एकत्र असूच शकत नाहीत, असे मी म्हणत नाही. देवाला काही कारण असेल, हे शक्य आहे. पण एखाद्या अर्भकाच्या गुदमरण्यातून, जे दुसऱ्या मार्गाने साधले नसते असे काहीही साधलेले दिसत नाही. अशा घटना अगणित आहेत. तेव्हा कारण नसणेच अधिक संभवनीय आहे. जो बाप हाक मारल्यावर येत नाही, तो आहे असे समजून चालण्यापेक्षा तो नाही असे मानणे मला अधिक प्रामाणिक वाटते.'

मी वाचून थक्क झालो. गेल्या काही दशकांतला पाश्चात्त्य वाद त्याने पुस्तक न उघडता गाठला होता. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये ईश्वर आणि दुःख यांत तार्किक विसंगती आहे असे म्हटले. प्लँटिंगाने १९७४ मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या आधारे ती विसंगती सिद्ध होत नाही असे दाखवले. पण १९७९ मध्ये विल्यम रो याने प्रश्नच बदलला: विसंगती नसेल, पण वणव्यात होरपळून एकाकी मरणाऱ्या पाडसाचे काय? मी अंधारात दिलेले उत्तर मॅकीला होते. मित्राचा प्रश्न रोचा होता.

मग माझा उत्तरपक्ष? भूकवच सरकते म्हणूनच पर्वत आणि खंडे होतात. आणि माणसे मेली ती मुख्यतः जड भिंतींमुळे, हे सांगता येते. ते खरे आहे, पण आजीला सांगण्याजोगे नाही. बायबलात ईयोबाचे पुस्तक आहे. त्याची मुले एका दिवसात घर कोसळून मरतात. तीन मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसतात, आणि मग देवाची बाजू घेऊन व्याख्याने देऊ लागतात. शेवटी देव रागावतो तो त्या वकिलांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे त्याला योग्य वाटते. आणि ज्याला आम्ही देव मानतो, त्यानेही क्रुसावर 'मला का टाकलेस' असेच विचारले. त्यालाही उत्तर आले नाही. हे प्रमाण नव्हे, हे मी मित्राला सांगितले. पण मी विश्वास ठेवतो तो अशा देवावर, ज्याने तो प्रश्न बाहेरून ऐकलेला नाही. मला यापलीकडे येत नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्याला वाचायला दिला. त्याने पूर्वपक्षात एक वाक्य वाढवले: 'जो बाप हाक मारल्यावर येत नाही' हे. उत्तरपक्षाखाली त्याने पेन्सिलीने लिहिले आहे, 'पटले नाही. पण आता बोलता येईल.' दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला गावी बोलावले आहे. आजीला मी ख्रिस्ती आहे हे त्याने कळवले असून, तिने फक्त एवढेच विचारले आहे, की पोरगं अंगणात झोपेल ना.