एक पाऊल की चौपट प्रकाश?

जुन्या वाड्याच्या चौकात एखादा हौशी छायाचित्रकार उभा असतो. समोरचे कोरीव खांब, तुळई आणि कोपऱ्यातला जिना, हे सारे त्याला एकाच चित्रात हवे असते. तो एक पाऊल मागे सरतो, दुसरे सरतो आणि तिसऱ्या पावलाला त्याची पाठ भिंतीला टेकते. अशा वेळी विशालकोनी भिंगाची आठवण होते.

प्रतिबिंबी कॅमेऱ्यात भिंगामागे हलता आरसा असतो. त्याला जागा द्यावी लागते, म्हणून अल्प नाभ्यंतराच्या भिंगाची रचना तेथे अवघड होते. आरसाविरहित कॅमेऱ्यात हा अडसर नाही. फुजीफिल्मच्या एक्स मालिकेत भिंगाच्या बैठकीपासून प्रकाशग्राहक पट्टीपर्यंतचे अंतर अवघे १७.७ मिलिमीटर आहे. या मालिकेतील दोन भिंगांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न अनेकांना पडतो. २०१३ साली आलेले पहिले १४ मिलिमीटर नाभ्यंतराचे असून त्याचे छिद्र जास्तीत जास्त एफ २.८ पर्यंत उघडते. २०१५ साली आलेले दुसरे १६ मिलिमीटरचे. ते एफ १.४ पर्यंत उघडते. दोन्हींचे नाभ्यंतर कायम असते, झूमप्रमाणे ते बदलता येत नाही.

चार मीटरांवरच्या भिंतीचा सुमारे ६.७ मीटर रुंदीचा भाग पहिले भिंग टिपते. दुसरे सुमारे ५.९ मीटर. दुसऱ्याने तेवढीच भिंत टिपायची, तर अर्ध्या मीटरहून थोडे अधिक मागे जावे लागेल. म्हणजे सारा फरक एका पावलाचा! मात्र पाठीशी भिंत असेल, तर तेच एक पाऊल कोणत्याही किमतीला मिळत नाही.

प्रकाशाचा हिशेब निराळा आहे. दुसरे भिंग पूर्ण उघडले असता पहिल्याच्या चौपट प्रकाश आत घेते. मंद दिव्यात पहिल्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागला, तर दुसऱ्याला साठावा भाग पुरतो. कीर्तनकाराचा उचललेला हात पहिल्यात पुसट होईल, दुसऱ्यात बराच स्पष्ट उमटेल. देवळातील मूर्ती मात्र हलत नाही. कॅमेरा कट्ट्यावर टेकवून अधिक वेळ दिला, की लहान छिद्राची उणीव भरून निघते. अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रेही स्थिरच. पण तेथे फ्लॅशला मनाई आहे आणि कॅमेरा हातातच धरावा लागला, तर हाताचा कंप चित्रात उतरतो. तेथे मोठे छिद्र उपयोगी पडते.

या सोयीचे मोलही द्यावे लागते. पहिल्याचे वजन २३५ ग्रॅम, दुसऱ्याचे ३७५. दुसऱ्याला धूळ व पावसाचे शिंतोडे यांपासून संरक्षण आहे. पहिल्याला ते नाही.

एकच भिंग घेऊ शकणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी स्वतःची फसलेली छायाचित्रे काढून पाहावीत. त्यांत कडेला खांब तुटले असतील, तर त्याला पाऊल कमी पडले. माणसे पुसट झाली असतील, तर प्रकाश कमी पडला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या घरीच असते.