रेंज कोणाची चांगली?

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले हे गाव महामार्गालगत आहे. अशा गावात ‘मोबाइल कोणत्या कंपनीचा घ्यावा?’ असे चौघांना विचारून पाहा. दुकानदार एक नाव सांगेल, मामा दुसरे, शाळेतला मित्र तिसरे. आणि गंमत म्हणजे तिघेही खरेच बोलत असतील!

हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेतून येणारा सहा आकडी संकेतांक, पीकविम्याचा निरोप, रात्री-अपरात्री १०८ क्रमांकाला लावायचा फोन, हे सारे त्या एका लहानशा कार्डावर अवलंबून असते. तेव्हा तिघांची उत्तरे वेगळी का, हे नीट समजून घेऊ.

तुमचा फोन कंपनीशी बोलतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो बोलतो जवळच्या एका मनोऱ्याशी. मनोऱ्यावरच्या अँटेनांकडून येणाऱ्या रेडिओलहरी फोन झेलतो आणि उलट आपल्या लहरी तिकडे पाठवतो. मनोऱ्यावर बहुधा तीन दिशांना तोंड केलेल्या अँटेना असतात आणि प्रत्येक जण वर्तुळाचा सुमारे एक तृतीयांश भाग सांभाळते. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असणे हेही नेहमीचेच. मग दोन कंपन्यांची रेंज एकाच घरात वेगळी कशी? एक तर अँटेनांची उंची आणि दिशा निराळी असते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे लहरींची कंप्रता.

कंप्रता म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपने. आपल्या देशात मोबाइलसाठी ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि ३३०० मेगाहर्ट्झ असे निरनिराळे पट्टे वापरतात. कंपन्या ते सरकारकडून लिलावात घेतात, आणि सर्वांकडे सर्व पट्टे नसतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. त्याला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटीमीटर लांब, १८०० ची त्याच्या निम्मी, तर ३३०० ची जेमतेम ९ सेंटीमीटर. गणित तुम्ही स्वतः करून पाहा.

आता पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल? परातीत, हे उघड आहे. लहरींचेही तसेच. तरंगलांबी लहान झाली की तिच्यासाठी लागणारी अँटेनाही लहान होते आणि लहर झेलण्याची जागा तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे बाकी सारे सारखे असताना १८०० ची लहर फोनला ९०० च्या एक चतुर्थांश शक्तीने मिळते.

शिवाय लांब लहर अडथळ्याला वळसा घालण्यात पटाईत असते. लग्नाची वरात घराच्या मागच्या गल्लीत असेल, तर ढोलाचा घुमणारा आवाज आपल्याला ऐकू येतो, झांज मात्र मंदावते. कारण ढोलाच्या आवाजाची तरंगलांबी मोठी. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरकडेवर वसले आहे. अशा चढउतारांच्या मुलखात टेकाडाआडच्या वस्तीपर्यंत आधी पोचतात त्या ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी. मात्र त्यांचे पट्टे अरुंद असतात. ३३०० च्या पट्ट्यात एकेका कंपनीला १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी मिळाली आहे, म्हणून ५जीचा वेग तेथे मोठा. शेताकडे जाणारी पाणंद अरुंद, पण ती बांधापर्यंत नेते. महामार्ग रुंद, पण तो तुमच्या गोठ्यापर्यंत येत नाही.

यात घराच्या भिंतींची भर पडते. माळवदाच्या जाड दगडमातीच्या भिंती लहरींची बरीच शक्ती शोषून घेतात. पत्र्याचे छप्पर तर त्यांना चक्क परतवून लावते. परतलेल्या लहरी मूळ लहरींना येऊन मिळतात, कोठे त्यांना बळ देतात तर कोठे त्यांना मारून टाकतात. म्हणून खिडकीत फोन वीतभर सरकवला तरी बोलणे सुधारते. आजी ‘त्या खुंटीजवळ उभा राहून बोल’ म्हणते, त्यात पदार्थविज्ञान आहे!

मग चांगली-वाईट रेंज ठरवायची कशी? पडद्यावरच्या काड्यांवर विसंबू नका. किती शक्तीला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, त्यामुळे दोन फोनांतल्या काड्यांची तुलना फसवी ठरते. त्याऐवजी बहुतेक फोनांच्या सेटिंगमध्ये, ‘फोनविषयी’ या भागात, सिमकार्डाच्या माहितीत एक ऋण आकडा दिसतो: −८५ डीबीएम, −१०८ डीबीएम असा. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. तेथून दर १० ने खाली उतरलो की शक्ती दहापट कमी होते. म्हणजे −१०० डीबीएम ही १ मिलिवॅटचा एक हजार कोटीवा भाग इतकी अल्प शक्ती झाली, आणि तरीही फोन तिच्यातून आवाज वेचून काढतो. ४जीवर −९० च्या वर आकडा असेल तर उत्तम, −१०० च्या आसपास काम चालेल, −११५ च्या खाली मात्र बोलणे तुटू लागते. −८५ आणि −१०५ यांत केवळ २० चा फरक दिसतो, पण शक्तीत तो शंभरपटींचा आहे. रेंज क्षीण असली की मनोऱ्यापर्यंत आपला आवाज पोचावा म्हणून फोनही जोर लावतो. अशा घरात बॅटरी लवकर उतरते ती यामुळेच.

वर्गात जिओ, एअरटेल, व्ही-आय आणि बीएसएनएल या चारही कंपन्यांची कार्डे कोणाकोणाच्या घरी असतीलच. मोठ्यांच्या परवानगीने आणि शिक्षकांच्या मदतीने एक तक्ता करा. घराच्या आतली खोली, अंगण, शाळा, शेतातली विहीर अशा जागा घ्या. शक्य तर एकाच फोनमध्ये आळीपाळीने कार्डे घालून आकडे लिहा, म्हणजे फोनाफोनांतला फरक मध्ये येणार नाही. प्रत्येक जागी तीन वाचने घेऊन सरासरी काढा. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपन्यांनी आपापल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध करायचे असतात. तुमचा तक्ता त्या नकाशाशी ताडून पाहण्यात मोठी मौज आहे. पण नकाशाला तुमच्या घराचा पत्रा ठाऊक नसतो, म्हणून निर्णय तक्त्यावरूनच घ्यावा.

मात्र शक्ती भरपूर असली म्हणजे काम झाले असेही नाही. कोजागिरी पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरकडे भाविकांची रीघ लागते. लोक रात्रभर तामलवाडीवरून पायी चालत जातात. अशा वेळी फोनवर सगळ्या काड्या दिसूनही बोलणे लागत नाही. एका मनोऱ्याच्या क्षेत्रातले सारे फोन एकच पट्टा वाटून घेत असतात, आणि एरवी काही शेकड्यांना पुरणारा पट्टा हजारोंना कसा पुरावा? लहान प्रमाणात हेच रोज रात्री आठ-नऊला घडते, गाव जेवून व्हिडिओ पाहू लागते तेव्हा. म्हणून तक्त्यात सकाळ आणि रात्र अशा दोन वेळा हव्यात, आणि त्या वेळचा डेटाचा वेगही हवा. ज्या कंपनीचे कार्ड गावात सर्वांकडे आहे, तीच रात्री सर्वांत संथ ठरू शकते.

आणखी एक वाचन घ्या, वीज गेल्यावर. मनोऱ्याला बॅटरी असते, काही ठिकाणी डिझेलचे जनित्रही असते. पण बॅटरी जुनी असेल तर तासाभरात मनोरा मुका होतो. शेतीला रात्रीची वीज मिळणाऱ्या भागात ही कसोटी मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या कंपनीचा मनोरा बंद पडला तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीची रेंज असेल, तर ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लागू शकतो, हे घरात सर्वांना सांगून ठेवा.

घरात आजोबांचा जुना बटणांचा २जी फोन असेल तर त्याचाही विचार करा. २०१६ साली सुरू झालेल्या जिओचे जाळे ४जीपासूनच आरंभले, त्यात २जी नाही. तेथे तो फोन चालणार नाही. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी जाळ्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. ते ७०० आणि २१०० चे पट्टे वापरते. तेव्हा आपला फोन ते पट्टे घेतो का, हे आधी पाहावे.

पूर्वी कंपनी बदलली की क्रमांकही बदले. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. रोमन लिपीत ‘पोर्ट’ हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा आकडी क्रमांक, असा संदेश १९०० ला पाठवायचा. उलट आठ अक्षर-आकड्यांचा संकेत येतो. तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो घेऊन ओळखपत्रासह नव्या कंपनीच्या दुकानात जावे. कार्ड अठरा वर्षांवरील व्यक्तीच्याच नावावर असते, म्हणजे तुमच्या बाबतीत आई-वडिलांपैकी कोणी तरी जायला हवे. हा संकेत फोनवर मागणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नका. तो ज्याच्या हाती गेला तो तुमचा क्रमांक पळवण्याची खटपट करू शकतो. बदल साधारण तीन कामाच्या दिवसांत होतो, त्यात काही तास फोन बंद राहतो, आणि जुन्या कार्डातली शिल्लक नव्यात येत नाही. परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ असेल तर हे काम पुढे ढकलावे. आणि तक्ता आधी पुरा करावा, कारण एकदा बदल केला की पुढचे नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही.