दुपारचे जेवण आणि उंचीची पट्टी

शासनाने गरीब मुलांसाठी एखादी योजना काढली, की आपण विचारतो, खर्च किती झाला? पण खरा प्रश्न निराळाच आहे. त्या पैशाने मुलाच्या अंगाला काही लागले का? आणि ते ठरवायचे कसे?

शाळेतल्या दुपारच्या जेवणाचेच उदाहरण घेऊ. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 रोजी सुरू झाली खरी. पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती पडे ते कोरडे धान्य. 28 नोव्हेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्या. मग एकेका राज्यात शाळाशाळांतून चुली पेटू लागल्या.

आता कुणी म्हणेल, जेवणाऱ्या मुलांचे वजन घ्या, न जेवणाऱ्यांचे घ्या, की झाले! इतके ते सोपे नाही. सरकारी शाळेत जेवतो तो बहुधा गरिबाचा मुलगा. डबा घेऊन खाजगी शाळेत जातो तो खात्यापित्या घरचा. पहिला रोडका दिसला, तर दोष शाळेतल्या जेवणाचा, की घरच्या दारिद्र्याचा? म्हणून संशोधक तीच मुले काही वर्षांनी पुन्हा मोजतात आणि कोण किती सावरले ते पाहतात.

तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 2002 पासून सुमारे 3000 मुलांचा असा मागोवा घेण्यात आला. त्याच सुमारास तिथे दुष्काळ पडला. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की दुष्काळाची झळ लागलेल्या घरांतील ज्या लहान मुलांना पुढे शाळेत जेवण मिळाले, त्यांनी वाढीतली तूट भरून काढली.

गोष्ट इथेच संपत नाही. 1993 ते 2016 या काळातल्या देशव्यापी पाहण्यांवर आधारलेला एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. शाळकरी वयात ज्या मुलींपर्यंत हे जेवण पोचले, त्या पुढे आया झाल्यावर त्यांच्या मुलांत वाढ खुंटण्याचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे लेकीच्या ताटात वाढलेली पळी नातवंडापर्यंत पुरते!

अंदाजपत्रक एका वर्षाचे असते; मुलाची उंची वीस वर्षांचा हिशेब सांगते. तेव्हा अशा योजनेचा निकाल एका वर्षाच्या खर्चावरून लावू नये. आणि आपल्या गावच्या शाळेत, अंगणवाडीत उंची-वजनाची नोंद खरी होते ना, एवढे तरी आपण पाहावे. खोट्या आकड्यांवर संशोधन उभे राहत नाही, आणि धोरणही.