न छेडलेली तार

मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांची एक गल्लीच आहे. भीमेच्या काठी, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे इथे येतात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. तिथल्या एका दुकानात कारागीर मांडीवर तंबोरा घेऊन जोडीच्या तारा लावत होते. खुंटी पिळायची, तार छेडायची, कान द्यायचा, मणी केसभर सरकवायचा. एकदा त्यांनी तार छेडली आणि लगेच तिच्यावर तळहात ठेवून ती बंद केली. तरी खोलीत एक बारीक सूर चालूच राहिला. मी इकडेतिकडे बघू लागलो. कारागिरांनी नुसती मान वळवून भिंतीकडे दाखवलं. तिथे टेकून ठेवलेल्या दुसऱ्या तंबोऱ्याची एक तार बोलत होती. तिला कोणी हात लावलेला नव्हता.

घरी तंबोरा असेल तर हे डोळ्यांनीही बघता येतं. मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एका सुरात नीट लावून घ्या. एका तारेवर कागदाचा चिमुकला कपटा घडी घालून अडकवा आणि दुसरी छेडा. कपटा थरथरतो, कधी उडून खाली पडतो. आता त्या तारेची खुंटी जराशी उतरवा आणि पुन्हा छेडा. कपटा ढिम्म हलत नाही. तंबोरा तोच, हात तोच, अंतरही तेच.

याचं कारण झोपाळ्यापाशी सापडतं. जड झोपाळा लहान मूलसुद्धा उंच चढवू शकतं, फक्त प्रत्येक धक्का झोपाळ्याच्या स्वतःच्या लयीत बसायला हवा. समजा, एक तार सेकंदाला 240 वेळा कंप पावते आहे. तिच्यामुळे हवेचे आणि लाकडाचे अगदी नगण्य धक्के सेकंदाला 240 वेळा शेजारच्या तारेला बसतात. त्या तारेची स्वतःची लयही 240 चीच असेल तर प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिळतो आणि बघता बघता तार जागी होते. लय वेगळी असेल तर एका धक्क्याने कमावलेलं पुढचा धक्का घालवतो. तार निजलेलीच राहते.

यातली एक गोष्ट मला सारखी थक्क करते. खोलीत सूर घुमतो तेव्हा तो सगळ्याच तारांना सारखा स्पर्श करत असतो. त्याच्याकडे आपपर भाव नाही. एक तार गाते आणि शेजारची गप्प राहते, तो सगळा फरक त्या तारांना आधीपासून असलेल्या ताणातला आहे.

सारंगीवाल्यांनी तर या गुणावर अख्खं वाद्य उभं केलं. गज फिरतो तो तीन मुख्य तारांवर. त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास तरफेच्या तारा असतात. त्यांना गज लागत नाही, बोट लागत नाही, पण मैफल सुरू होण्याआधी वादकाचा बराच वेळ त्यांच्याच खुंट्या पिळण्यात जातो. सारंगीचा जो रडवेला, गाभाऱ्यात घुमल्यासारखा आवाज आपल्याला आत कुठेतरी लागतो, त्यातला मोठा वाटा या न छेडलेल्या तारांचा असतो. आणि तरफ केवळ जुळ्या सुरालाच ओळखते असं नाही. वरच्या सप्तकातला षड्ज वाजला की खालच्या षड्जाची तारही हळूच हलते, कारण तिच्या पोटात तो वरचा सूर स्वरांश म्हणून दडलेला असतोच.

सजातीय सजातीयाकडे ओढलं जातं, असं आपण माणसाच्या मनाबद्दलही म्हणतो. लोहचुंबकाच्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. तिथे सारखी टोकं एकमेकांना दूर लोटतात. म्हणून मला वाटतं, अंतरंगातल्या या व्यवहाराला ओढ म्हणण्यापेक्षा जाग म्हणावं. इच्छा धरली की हवी ती गोष्ट चालत येते, या अलीकडे फार ऐकू येणाऱ्या समजुतीशीही त्याचा संबंध नाही. तार काहीच मागत नाही. ती लागलेली असते, एवढंच. गीतेच्या सतराव्या अध्यायात ज्याची जशी श्रद्धा तसाच तो माणूस असतो, असा विचार आहे. तारेच्या भाषेत तो ताणाचा विचार आहे.

आपल्या परंपरेत यासाठी आणखी एक दृष्टान्त आहे, कीटक-भृंगीचा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांतला हा एक. ज्या एकनाथी भागवताने तो मराठी घराघरात नेला, ते नाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केलं. भृंगीने घरट्यात कोंडलेली अळी भीतीने तिचंच चिंतन करते आणि शेवटी भृंगीच होऊन बाहेर पडते, असा तो दृष्टान्त. ही भृंगी म्हणजे भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी, आपण सगळ्यांनी पाहिलेली. ती नांगी मारून अळीला लुळी करते, तिच्याजवळ अंडं घालते आणि घर लिंपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या अळीवर पोसतं आणि काही दिवसांनी माशी होऊन बाहेर येतं. म्हणजे किड्याबाबत जुन्यांची समजूत चुकली होती. माणसाबाबत ती चुकली असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे शिऊरच्या बहिणाबाई.

त्यांचा जन्म 1628 चा, वेरूळच्या परिसरातल्या देवगावचा. ब्राह्मणाचं घर, पाचव्या वर्षाच्या सुमारास तिशीतल्या बिजवराशी लग्न, मग कर्जापायी गाव सोडून वणवण. फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं होत आणि त्यांत देहूच्या तुकोबांचे अभंग असत. ही दहा-अकरा वर्षांची मुलगी ते ऐकायला जाई. तिच्याबरोबर एक वासरू असे. ते तिला क्षणभर सोडत नसे, कीर्तनालाही येई. गर्दीत त्या वासराला बाहेर काढलं, तेव्हा स्वामींनी त्याला आत आणवलं आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला. ही बातमी घरी पोचली. नवऱ्याने तिला बांधून मारलं. पुढे ते वासरू गेलं आणि ती भान हरपून पडली. त्या अवस्थेत तिला ज्यांचं दर्शन झालं ते जयरामस्वामी नव्हते. ते होते तुकोबा, ज्यांना तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी तिला मंत्र दिला. हे सगळं तिने स्वतः, आपल्या आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवलं आहे.

बाहेरून पाहिलं तर या दोघांत सारखं काय होतं? एक पुरुष, एक पोरवयाची बाई. एक कुणबी वाणी, एक वैदिक ब्राह्मणाची बायको. एक इंद्रायणीकाठी, दुसरी पंचगंगेकाठी. त्या काळात ज्या ज्या गोष्टींवरून माणसाची जात-कुळी ठरत होती, त्या प्रत्येक बाबतीत ते परस्परांना परके. तंबोऱ्यातही भोपळा लहान की मोठा, दांडी कोणत्या झाडाची, हे तारेच्या जाग येण्याला आड येत नाही. कोल्हापुरात ते अभंग ऐकायला माणसांची दाटी होती. सूर सगळ्यांच्या कानांवर सारखाच पडत होता.

आणि तुकोबांना तरी मंत्र कुठे मिळाला होता? बाबाजी चैतन्यांकडून, स्वप्नात. अभंग रचण्याची आज्ञाही त्यांना स्वप्नातच झाली, पांडुरंगाला घेऊन आलेल्या नामदेवांकडून. नामदेवांना जाऊन तेव्हा जवळपास तीनशे वर्षं झाली होती. मूळ तार केव्हाच थांबलेली आणि सूर दुसऱ्या तारेवर चालू, हे मी मिरजेच्या त्या दुकानात कानांनी ऐकलं आहे. म्हणून या हकिगती वाचताना मी त्यांना नुसत्या आख्यायिका म्हणून बाजूला सारू शकत नाही.

तारेवर तळहात ठेवला की ती गप्प होते. बहिणाबाईंवर घरातल्यांनी, समाजाने केवढे हात ठेवले, तरी ती तार बंद झाली नाही. इथे दृष्टान्त अपुरा पडतो, आणि तो अपुरा पडतो याचाच मला आनंद वाटतो. पुढे नवरा दुखण्यातून उठला आणि त्याचंच मन पालटलं. दोघं देहूला गेली. ज्यांना तिने आधी मिटल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या तुकोबांना तिथे तिने समोर पाहिलं.

बहिणाबाई 1700 साली शिऊरला निवर्तल्या. अखेर जवळ आली तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला, विठोबाला, बोलावून घेतलं आणि त्याच्याजवळ आपल्या मागल्या जन्मांची हकिगत उलगडली. एकामागून एक बारा जन्म त्या सांगत गेल्या, कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणाच्या सेवेत. हा तेरावा, त्या म्हणाल्या. त्यांच्या हिशेबात खुंटी एवढा काळ पिळली जात होती.