सिस्टरने विचारलेला प्रश्न

हृदयाची झडप बदललेले एक साठीचे गृहस्थ माझे जुने पेशंट. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिनची गोळी रोज चालू. एकदा हिरड्यांतून रक्त येते म्हणून आले. ‘दुसरे काही औषध?’ मी विचारले. ‘छे, डॉक्टर!’

तपासणीसाठी रक्त काढताना आमच्या सिस्टर सहज म्हणाल्या, ‘काका, गुडघे दुखतात ना? मग घरी काय घेता, तेल, चूर्ण, काढा?’ तेव्हा कळले. पुतण्याने आणून दिलेल्या विजया तेलाचे थेंब ते महिनाभर पोटात घेत होते.

विजया म्हणजे भांग. तिच्यातील घटक यकृतात वॉरफरिनचे विघटन मंदावू शकतात. गोळी तीच, पण रक्त जास्त पातळ होते. रिपोर्टही तेच सांगत होता. तेल बंद केले, गोळीचे प्रमाण बदलले, धोका टळला.

‘भांगेचे नाव डॉक्टरांपुढे कसे काढू?’ काका म्हणाले. माझी विचारण्याची रीतच चुकली होती.

1985 च्या कायद्याने गांजा-चरसवर बंदी आहे. भांगेची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. विजयायुक्त औषधे वैद्यांच्या देखरेखीखाली घेता येतात. पण कायद्यात बसणारे औषध निर्धोक असतेच असे नाही.

आता आमच्या सिस्टर केसपेपरवर लिहितात : काय घेता, किती, कधीपासून, शेवटचे केव्हा. ऑपरेशनपूर्वी हे भूलतज्ज्ञांना कळायलाच हवे.

वाचकहो, डॉक्टरांपुढे संकोच वाटला, तर सिस्टरना सांगा. पण सांगा. आणि वॉरफरिन मात्र आपल्या मनाने बंद करू नका.